मी असं म्हणालो नव्हतो

आठ वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. साडेसातची मालिका नुकतीच संपली होती. आई भाकऱ्या करायला उठली होती आणि बाबा उशीखाली रिमोट शोधत होते. फोनवर माझ्या नवऱ्याचं नाव होतं. चार महिन्यांत ते नाव एकदाही तिथं उमटलं नव्हतं. मी फोन घेऊन गॅलरीत गेले, आणि मी काही बोलायच्या आत तोच बोलला.

"मी असं म्हणालो नव्हतो."

हॅलो नाही, कशी आहेस नाही. तो कशाबद्दल बोलतोय ते मला तत्क्षणी कळलं. खरं तर मला लाज वाटायला हवी होती. पण मला इतका आनंद झाला की मी गॅलरीचा कठडा घट्ट धरून ठेवला. त्यानं ऐकलं होतं आणि त्यानं ओळखलं होतं.

हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

आमच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी लालबागची, चाळीत वाढलेली. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीच्या ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झाले. नवरा गिरगावचा. एका जुन्या वाडीत तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. घरात तो, मी आणि सासूबाई. तो परळच्या एका इस्पितळात लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि दशांशापर्यंत अचूक आकडा लिहायचा. घरी आल्यावरही त्याला सगळं तसंच अचूक लागायचं. मी दादरला एका क्लासमध्ये मराठी शिकवायचे आणि संध्याकाळी एका हौशी नाट्यसंस्थेच्या तालमींना जायचे. दोन-तीन एकांकिका लिहिल्या होत्या, त्यातल्या एकीला स्पर्धेत बक्षीसही मिळालं होतं. ते जग लहानसं होतं, पण माझं होतं.

आमचं भांडण झालं ते वाडीच्या रिडेव्हलपमेंटवरून. वाडी पाडून तिथं टॉवर उभा राहणार होता आणि तो होईपर्यंत प्रत्येकानं आपापली सोय बघायची होती. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी पाणी भरत होते, तेव्हा शेजारच्या काकू सहज म्हणाल्या, विरारला चाललात म्हणे, तुला कामाला लांब पडेल गं. मला काहीच माहीत नव्हतं. विरारला सासूबाईंच्या भावाच्या बिल्डिंगमध्ये एक जागा रिकामी होती. ती बघून झाली होती आणि होकारही कळवून झाला होता. विरारला जायचं म्हणजे क्लास सुटणार होता आणि तालमीही सुटणार होत्या. मी भरलेली कळशी दारातच ठेवली आणि आत जाऊन त्याला म्हटलं, मला का नाही विचारलंस? त्यानं वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही. म्हणाला, "तुला काय विचारायचं त्यात?"

त्याच दुपारी मी लालबागला निघून आले.

दोन दिवसांसाठी आलेय, असं मी घरी सांगितलं होतं. आई आमची मालवणकडची, बोलायला तिखट, पण आठ दिवस तिनं तोंड उघडलं नाही. नवव्या दिवशी माशांच्या पिशव्या रिकाम्या करता करता तिनं विचारलं, "तुझो घोव माणूस आसा काय दगड?" मी पिशव्या धुवायला घेतल्या. नवऱ्याचे फोन यायचे सुरुवातीला. गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंयस, आईच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या दुकानातून आणायचीस, आणि मग शेवटी, कधी येतेस. मी विचारायचे, कुठं येऊ, गिरगावला की विरारला? त्यावर तो फोन ठेवायचा. हळूहळू फोनही बंद झाले.

मला सगळ्यात जास्त खुपायची ती एक गोष्ट. तो रोज सकाळी सात वाजता परळला कामावर यायचा. आमच्या घरापासून ते इस्पितळ चालत पंधरा मिनिटांवर आहे. एवढ्या महिन्यांत तो एकदाही आमच्याकडे आला नाही. आणि गंमत अशी की विरारलाही कोणी गेलं नाही. वाडी रिकामी करायची तारीख पुढं पुढं जात राहिली. गिरगावचं जे घर सुटणार म्हणून मी निघून आले ते आपल्या जागी तसंच उभं होतं आणि त्यात मायलेक राहत होते.

मार्च महिन्यात एकांकिकेच्या दिवसांतल्या एका मैत्रिणीचा फोन आला. शिवाजी पार्कला राहणाऱ्या एक लेखिका मालिका लिहितात, त्यांना संवादासाठी मदतनीस हवीय, जातेस का, म्हणून. मी दुसऱ्या दिवशीच गेले. या बाईंना सगळे ताई म्हणतात, मीही म्हणते. साठीच्या, केस पांढरे, पेन्सिलीनं लिहिणाऱ्या. त्यांच्या हॉलच्या खिडकीतून समोरचं मैदान दिसायचं आणि दिवसभर नेटमधल्या बॅटींचा आवाज यायचा. त्यांची मालिका सहा दिवस चालायची. विषय सांगायचा तर एकाच वाक्यात सांगता येईल: प्रेमविवाह केलेलं जोडपं, लग्नानंतर दोघं दुरावतात, आणि ते पुन्हा एकत्र येतात की नाही हे बघत सगळा महाराष्ट्र जेवतो.

ताईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, लग्न झालंय का? झालंय, म्हटलं. नवरा काय करतो? म्हटलं, तो गिरगावला असतो आणि मी लालबागला असते. त्या पेन्सिल खाली ठेवून हसल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून ये.

त्या दिवसांचं मला आजही अप्रूप वाटतं. सकाळी नऊला मी ताईंकडे. अकरापर्यंत दोन सीन हवेत, कारण एकला सेटवर त्यांचं शूटिंग. कधी एखादी नटी आजारी पडायची की तिचे सगळे सीन फोनवर बोलणारे करायचे. कधी चॅनलवरून निरोप यायचा, की नायकाची आई जरा मवाळ करा, लोक चिडलेत. ताई सीन सांगायच्या, मी टाइप करायचे, मध्येच एखादं वाक्य सुचवायचे, आणि त्या "ठेव" म्हणाल्या की माझ्या अंगात वीज सळसळायची. माझं पहिलं वाक्य टीव्हीवर आलं ते नायिकेच्या वडिलांच्या तोंडी होतं, "अगं, चहा निवतोय." एवढंच. पण बाबांनी ते आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं.

जून महिन्यात जोडप्याच्या मोठ्या भांडणाची वेळ आली. ताई म्हणाल्या, यात मला आरडाओरडा नको, ताटं फेकणं नको. खरं भांडण कसं असतं ते दोन पानांत लिहून आण. मी घरी जाऊन एका बैठकीत लिहिलं. सुचावं लागलंच नाही. जागा वेगळी होती, कारण वेगळं होतं, पण नायक वर्तमानपत्रातून मान वर काढत नाही आणि म्हणतो, "तुला काय विचारायचं त्यात?" ताईंनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि एक शब्दही न बदलता सेटवर पाठवलं.

आणि ज्या दिवशी तो एपिसोड लागला, त्या दिवशी आठ वाजून दोन मिनिटांनी त्याचा फोन आला.

"मग काय म्हणाला होतास?" मी विचारलं.

"मी म्हणालो होतो, तुला काय विचारायचं त्यात, तू हो म्हणणारच होतीस. तू अर्धं वाक्य ऐकलंस आणि अर्धंच टीव्हीवर दाखवलंस."

मी आठवून बघितलं. मला वर्तमानपत्राचं पान आठवत होतं, त्यावरची एका चपलांच्या दुकानाची जाहिरातसुद्धा आठवत होती. वाक्याचा दुसरा अर्धा भाग आठवत नव्हता. कदाचित मी तेव्हा वळले असेन. कदाचित कळशी उचलायला बाहेर गेले असेन. त्याचा आवाज खोटं बोलणाऱ्याचा नव्हता, तो खोटं बोलायचा तेव्हा हळू बोलायचा.

"पण हे तर जास्त वाईट आहे," मी म्हटलं.

"कसं काय?"

"मला विचारायचं राहून गेलं असतं तर ती चूक झाली असती. पण मी हो म्हणेन हे तू माझ्या वतीनं ठरवून टाकलंस. मग माझी गरजच काय राहिली?"

फोनमधून त्यांच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता, पुढच्या मालिकेचं शीर्षकगीत लागलं होतं. मला वाटलं, आता ठेवणार. पण त्यानं विचारलं, "उद्याच्यात काय आहे?"

सांगता येत नाही, बघ, असं म्हणून मी फोन ठेवला. आत आले तर आई हातातलं पीठ तसंच धरून उभी होती. कोणाचा फोन ते तिला सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंना सगळं सांगून टाकलं. त्यांच्या परवानगीशिवाय मी माझं घर त्यांच्या मालिकेत घातलं होतं, तेव्हा त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या तर ताठ बसल्या. त्या आधी म्हणाल्या, की तुला चालणार असेल तरच हे मालिकेत घेऊ. मी चालेल म्हटल्यावर त्यांनी पेन्सिल उचलली. पुढच्या आठवड्याच्या एपिसोडमध्ये नायक आपल्या मित्राला पूर्ण वाक्य सांगतो, नायिकेच्या कानावर ते जातं, आणि ती जे उत्तर देते ते मी गॅलरीत दिलेलं उत्तर होतं. तो एपिसोड लागल्यावर चॅनलमधून ताईंना फोन आला, की हे छान चाललंय, हेच वाढवा.

आणि नवऱ्याचा रोज मेसेज येऊ लागला. साडेआठच्या आत, ठरलेल्या वेळी, रिपोर्ट दिल्यासारखा. एकदा त्यानं लिहिलं, तुमचा हिरो चिडला की खिडकीतून बाहेर बघतो, खरा माणूस चिडला की चप्पल शोधतो. एकदा लिहिलं, बायको घरात नसताना कोणी तिच्या फोटोशी बोलत नाही, कुठला डबा कुठं असायचा ते आठवत स्वयंपाकघरात उभा राहतो. मी हे ताईंना वाचून दाखवायचे आणि त्या टिपून घ्यायच्या. नायकाचं काम करणाऱ्या नटानं सेटवरून विचारलं म्हणे, की माझे सीन अचानक इतके चांगले कोण लिहितंय. मला सकाळी उठल्यापासून रात्रीच्या साडेआठची वाट बघायची सवय लागली. आपल्याच नवऱ्याच्या मेसेजसाठी फोन सारखा उलटा-सुलटा करून बघायचा, या वयात. आईनं ते बघितलं आणि बाबांकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या.

एके दिवशी मेसेजऐवजी फोन आला आणि पलीकडं सासूबाई होत्या. माझ्याशी त्या एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा बोलत होत्या. मी सावरून बसले. त्यांनी विचारलं, की त्या पोरीच्या बाजूनं कोणी लिहितं की नाही? सगळं त्या हिरोचंच दुःख दाखवताय, ती माहेरी काय सुखात आहे का? मी म्हटलं, आई, मीच लिहिते. तर म्हणाल्या, मग नीट लिही. आणि फोन ठेवला.

गणपतीनंतर मालिकेत एक पेच आला. जोडपं एकत्र यायला हवं होतं, चॅनलला दसऱ्याच्या सुमाराला तासाभराचा विशेष एपिसोड हवा होता. ताईंच्या मनात होतं की नायक बायकोच्या माहेरी जातो आणि तिला आणतो. मी नवऱ्याला विचारलं, तू सांग, असा माणूस जाईल का? त्याचं उत्तर लगेच आलं, की नाही जाणार. मी चिडले. का नाही जाणार, पाय मोडलेत का त्याचे, असं लिहिलं. मग फोन वाजला.

"तो गेला असेल," नवरा म्हणाला. "कोपऱ्यापर्यंत. तुम्ही तेवढं दाखवलं नाही, इतकंच."

मी विचारलं, कुठला कोपरा?

तो म्हणाला, तुमच्या चाळीच्या आधी जिथं मसाल्याचं दुकान आहे तो. डिसेंबरात एकदा ड्यूटी संपल्यावर आला होता, आणि फेब्रुवारीत एकदा. दुसऱ्या वेळी त्यानं बाबांना भाजीची पिशवी घेऊन येताना बघितलं आणि तो दुकानात शिरला. काहीतरी घ्यायला हवं म्हणून पाव किलो मिरची कांडून घेतली. घरी सासूबाईंनी विचारलं, एवढी मिरची कशाला आणलीस, तर त्याला सांगता आलं नाही.

ज्या गोष्टीचा मला महिनोन्महिने राग होता ती गोष्टच तशी नव्हती. तो आला होता, दोनदा. शेवटची शंभर पावलं तेवढी राहिली होती. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि मी त्याला एवढंच म्हटलं, की आत यायचंस. तो म्हणाला, हो, यायला हवं होतं.

ताईंना हे सांगितलं तेव्हा मी आधीच बजावलं, की मिरची मालिकेत घ्यायची नाही, ती माझी आहे. ताईंनी मान्य केलं.

मग असं ठरलं की नायिका स्वतःच बोलायला नायकाच्या घरी येते. मालिकेतली चाळ स्टुडिओत प्लायवूडची बांधलेली होती. पण विशेष एपिसोडसाठी दिग्दर्शकाला खरी चाळ, खरा जिना आणि खरी गॅलरी हवी होती. दोन ठिकाणी नकार आला. मी नवऱ्याला मेसेज केला, वाडीत परवानगी मिळेल का? त्यानं संध्याकाळपर्यंत वाडीच्या कमिटीकडून होकार आणला. दिवाळीनंतर वाडी नक्की पडणार होती, तशी नोटीसच लागली होती. पडायच्या आधी आपलं घर टीव्हीवर दिसावं असं सगळ्यांनाच वाटत होतं.

शूटिंगचा दिवस नवरात्रातला होता. सकाळी साडेसातला मी वाडीत शिरले. अकरा महिन्यांनी. गल्लीत गाडी येईना म्हणून माणसं दिवे खांद्यावरून आणत होती. प्रत्येक मजल्यावरून माणसं वाकून बघत होती, म्हाताऱ्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या, बायकांनी ठेवणीतल्या साड्या काढल्या होत्या. शेजारच्या काकूंनी वरूनच मला हाक मारली. कळशीच्या दिवशी आपण बोललो ते बोलायला नको होतं, असं त्यांना वाटत होतं बहुतेक, कारण मी वर गेल्यावर त्यांनी मला बराच वेळ धरून ठेवलं. आमच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. आत साबुदाण्याचे वडे तळणं चाललं होतं, सबंध युनिटसाठी. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुझ्या त्या नायिकेला सांग, कठड्याला खिळा आहे. पदर अडकेल."

नवरा रजा टाकून जिन्यात उभा होता, गर्दी अडवायला. आम्ही एकमेकांना बघितलं आणि दोघांनाही काय करायचं ते कळेना, म्हणून त्यानं मला बाजूनं वाट करून दिली.

सीन असा होता: नायिका जिना चढून येते, नायक गॅलरीत असतो, आणि तो तिची माफी मागतो. त्याचं पानभर भाषण होतं. ताईंनी आणि मी तीन दिवस घासूनपुसून केलेलं. नटानं ते तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा न चुकता, आणि तिन्ही वेळा दिग्दर्शकानं मान हलवली. खोटं वाटतंय, म्हणाला. समोरच्या गॅलरीतले आजोबासुद्धा तिथूनच म्हणाले की लांबलंय. गॅलरीतलं ऊन अर्ध्या तासात सरकणार होतं. मी ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मी शिवाजी पार्कात बसून काय करू, तू तिथं आहेस, तू लिही.

मी जिन्यात बसले. मांडीवर वही, हातात पेन, डोक्यात काही नाही. खालून सहायक दर दोन मिनिटांनी विचारत होता, झालं का. माझ्या वरच्या पायरीवर नवरा उभा होता. मी त्याला विचारलं, "तू असतास तर काय म्हणाला असतास?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "माहीत असतं तर अकरा महिने लागले असते का?"

मी लिहायला लागले. त्यानं वाकून बघितलं.

"हे लिहू नकोस," तो म्हणाला. मी थांबले. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. "बरं, लिही. पण सुरुवातीचं 'मला माहीत नाही' सोडू नकोस. या वेळी पूर्ण लिही."

नटानं कागद घेतला, वाचला, खिशात घातला. कॅमेरा सुरू झाला. नायिका जिना चढून आली, दमलेली, आणि त्याच्यासमोर उभी राहिली. मग त्यानं ती दोन वाक्यं म्हटली, अगदी साध्या आवाजात, दुसरं वाक्य तर जवळजवळ स्वतःशीच. नायिकेला नवीन वाक्य कोणी सांगितलेलंच नव्हतं. ती आधी गोंधळली, मग हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. यातलं काहीच कागदावर नव्हतं. दिग्दर्शकानं कट म्हणायला उशीर केला. तो म्हणाला तेव्हा तिन्ही मजल्यांवरून टाळ्या पडल्या. सासूबाई हातात झारा घेऊन दारात उभ्या होत्या. असा आनंद मला पुन्हा होईल की नाही, माहीत नाही.

हे ऐकलं की लोकांना वाटतं, मी त्या दिवशी तिथंच राहिले. तसं झालं नाही. शूटिंग संपलं, सामान गेलं, मी सासूबाईंच्या हातचे चार वडे खाल्ले आणि बसनं लालबागला परत आले. त्यानं स्टॉपपर्यंत सोडलं. आम्ही दोघंही दिवसभराचंच बोलत होतो, कोण काय म्हणालं, खिळ्यात शेवटी कॅमेरावाल्याचाच शर्ट अडकला वगैरे.

पुढच्या रविवारी सकाळी अकराला तो आमच्या दारात उभा राहिला. कोपरा ओलांडून, दोन जिने चढून. बाबा उठून उभे राहिले, मग आपण का उभे राहिलो म्हणून पुन्हा बसले. आई "येवा" म्हणाली आणि दुसरं काही न विचारता बोंबील तळायला घेतले. जेवण झाल्यावर आम्ही दोघं बाहेर पडलो आणि चालत राहिलो, परळवरून, नायगाववरून, पार दादरपर्यंत.

त्यानं त्या दिवशी मला एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. भांडणाचा एपिसोड लागला त्या संध्याकाळी सासूबाईंनी टीव्ही चालू असतानाच त्याच्याकडे वळून विचारलं होतं, तू असं म्हणाला होतास तिला? त्यांची समजूत होती की विरारचं त्यानं मला आधी विचारलंय आणि मीच नंतर शब्द फिरवला. तो आपली बाजू मांडायला लागला आणि मांडता मांडता त्याला ती स्वतःलाच पटेना. म्हणून त्यानं मला फोन केला होता. मीही त्याला सांगितलं, की त्याचं वाक्य त्याला न विचारता सबंध महाराष्ट्राला ऐकवलं, ते मी बरोबर केलं नव्हतं. आणि फोन थांबले तेव्हा एक फोन मीही करू शकत होते.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसल्यावर त्यानं खिशातून कागद काढला. त्यावर चार जागा लिहिल्या होत्या. प्रत्येकीपुढं तिथून माझा क्लास किती लांब, ताईंचं घर किती लांब, इस्पितळ किती लांब, सासूबाईंना जिने किती, असे रकाने आखलेले. त्यानं कागद माझ्या हातात दिला आणि विचारलं, "यातली कुठली? की यातली कुठलीच नको?" मी त्याच्याकडे बघत राहिले. तो कपाळावरचा घाम पुसत होता, ऑक्टोबरचं ऊन होतं. मी म्हटलं, चालत जाऊन दोन बघून येऊ.

दिवाळीच्या आधी आम्ही तिघं नायगावला राहायला आलो, एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. तो चालत कामाला जातो. मी चालत ताईंकडे जाते.

मालिकेतल्या जोडप्याचं मात्र फार काळ बरं चाललं नाही. ती दोघं सुखात राहायला लागल्यावर तीन आठवड्यांत लोकांचा रस कमी झाला, आणि चॅनलनं कळवलं की त्यांना पुन्हा वेगळं करा. ते भांडणही मीच लिहिलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, नवरा शेजारी दुसऱ्या दिवसाचा डबा भरत असताना. एपिसोड लागला आणि सासूबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मटार सोलता सोलता त्यांनी विचारलं, किती दिवस ठेवणार आहात त्यांना असं? मालिकेचं पुढचं बाहेर सांगायचं नाही असा आमचा नियम आहे. तो मोडून मी सांगितलं. त्यांनी बोटांवर आठवडे मोजले.

"म्हणजे संक्रांतीपर्यंत येते ती परत," त्या म्हणाल्या, आणि दूध तापत ठेवायला उठल्या.